आधी कडी दाखवा

गिरिजाक्का पहिल्यांदा आमच्या टॉकीजवर आल्या तेव्हा बापूसाहेबांनी त्यांच्यासाठी हार आणून ठेवला होता. बापूसाहेब म्हणजे कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या त्या टॉकीजचे मालक, आणि मी तिथं बायकांच्या खिडकीवर तिकिटं फाडणारी मुलगी. नव्वद सालानंतरची पहिली काही वर्षं ती. मराठी कौटुंबिक चित्रपटांना बायकांची झुंबड उडायची, आणि अशाच एका चित्रपटाचे आमच्या भागाचे वितरणाचे हक्क गिरिजाक्कांनी घेतले होते. तो आपल्याच टॉकीजला मिळावा म्हणून बापूसाहेबांनी त्यांच्या दारात खेटे घातले होते. शेवटी अक्का आल्या, टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून, मागे प्रिंटची, म्हणजे चित्रपटाच्या रिळांची, पत्र्याची पेटी. बुटक्या, रुंद बांध्याच्या. अंगावर इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. बापूसाहेब हार घेऊन पुढं झाले. अक्कांनी हाराकडे बघितलंसुद्धा नाही.

"बायकांचा संडास कुठाय?" त्यांनी विचारलं.

आवाज असा की समोरच्या सोड्याच्या गाडीवरची माणसं वळून बघायला लागली. बापूसाहेबांना वाटलं, बाईंना प्रवासानं घाई झाली असेल. ते हळूच म्हणाले, "अक्का, वर माझ्या हापिसात हाय की. एकदम स्वच्छ. या."

"तुझ्या हापिसातला न्हाय इचारला मी. पिक्चर बघायला येत्यात त्या बायकांचा कुठाय?"

बापूसाहेब हातातला हार सारखा करू लागले. शेवटी मीच खिडकीतून बाहेर येऊन मागच्या बाजूला बोट केलं. तिथं बायकांसाठी म्हणून एक खोली होती खरी. दार होतं, पण कडी नव्हती. आत जुन्या पोस्टरांची भेंडोळी, मोडक्या खुर्च्या आणि थंड पेयांचे रिकामे क्रेट. अक्का तिथपर्यंत चालत गेल्या, दार ढकललं, परत आल्या आणि टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "पेटी फिरव माघारी."

"अवो अक्का! पोस्टरं लागल्यात, रिक्षा फिरालीय गावातनं!" बापूसाहेब हार हातात धरूनच ओरडले.

"फिरू दे की. रिक्षाला लघवी लागत न्हाय. आधी कडी दाखव, मग पेटी बघ."

टेम्पो गेला. बापूसाहेबांनी मला शिव्या घातल्या, कारण बोट मी दाखवलं होतं. पण मला त्या दिवशी शिव्या ऐकूच आल्या नाहीत. माझ्या डोक्यात हौसाबाई होत्या.

हौसाबाई पेठ वडगावच्या. महिन्यातून एकदा आळीतल्या बायका गोळा करून त्या एसटीनं तीनच्या खेळाला यायच्या. खिडकीच्या भोकातून हात आत घालायच्या, माझ्या हातावर घरची शेंगदाण्याची चटणी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "सकाळधरनं पाण्याचा घोट घेतला न्हाय बघ शालन. पिक्चर बघायचा म्हंजी उपासच की गं." हे त्या हसत सांगायच्या, आणि बाकीच्या बायकाही हसायच्या. त्या हसण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पुरुषांसाठी मागं अख्खी भिंत होती. तिचा वास पहिल्या रांगेपर्यंत यायचा. बायकांचं काय, असं मी एकदा विचारलं होतं तर बापूसाहेब म्हणाले होते, "तीन तासाचा तर प्रश्न हाय. घरला जाऊन करतील." ज्या बायकांच्या तिकिटांवर त्यांनी बंगल्याचा वरचा मजला चढवला, त्या बायकांबद्दल.

चित्रपट दुसऱ्या टॉकीजकडे जाईल या भीतीनं बापूसाहेबांनी घाईघाईनं खोली रिकामी केली, फरशी घातली, नळ आणला. आणि कोल्हापुरात काही बांधलं की पाटी लागते. दारावर संगमरवरी पाटी बसली, 'महिला प्रसाधनगृह', खाली उद्घाटकाचं नाव, त्याखाली बापूसाहेबांचं. नारळ फुटला, पेढे वाटले. अक्का पुन्हा आल्या, पाटी वाचली, आत गेल्या, आणि आतून त्यांचा आवाज आला, "अय्यो शिवा! बापू! हिकडं ये!"

कडी होती, पण बाहेरून.

"आतनं लावून बसल्या तर भायेर कशा काढायच्या, अक्का?" बापूसाहेबांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"तुझ्या बायकूला असल्या संडासात धाड आन मी भायनं कडी घालतो. मग इचार तिला." आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. अक्कांच्या तोंडी ते फार शोभायचं. "पाटी काढ, कडी लाव."

सुतार येऊन आतून कडी बसवून जाईपर्यंत त्या टॉकीजच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. पाटी तेवढी राहिली. मग पेटी उतरली. चित्रपट असा चालला की बापूसाहेब वितरकांच्या बैठकीत 'आमच्याकडील महिलांसाठीच्या सोयी' असं भाषण करू लागले. मला मात्र त्यांनी काढून टाकलं. मी पगाराची उरलेली रक्कम घेऊन बाहेर पडले तर अक्का दारातच होत्या. "उद्यापास्नं माझ्याकडं ये," त्या म्हणाल्या. "मला बोट दाखवणारंच माणूस पायजे."

अक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या. घरात कानडी-मराठी दोन्ही. नवरा शाहूपुरीत गुळाचा व्यापारी. त्याला चित्रपटाचा शौक, म्हणून गुळाचा पैसा त्यानं चित्रपटात घातला, आणि दोन्ही धंदे अर्धवट सोडून वारला. दिरांनी सांगितलं, चित्रपटाचं लचांड विका आणि गूळ सांभाळा. अक्कांनी गूळ विकला. "गुळाला मुंग्या लागत्यात, पिक्चरला बायका. मला बायका बऱ्या," हे त्यांचं कारण. धंदा साधा होता. मुंबई-पुण्याचा निर्माता चित्रपट अर्ध्यावर आला की पैशासाठी दारोदार फिरायचा. अक्का त्याला पैसे द्यायच्या आणि बदल्यात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचे हक्क घ्यायच्या. मग प्रिंटची पेटी एका टॉकीजवरून दुसऱ्या टॉकीजवर हिंडायची, आणि प्रत्येक पेटीबरोबर वितरकाचा एक माणूस जायचा. तो माणूस म्हणजे मी. बाई प्रतिनिधी बघून तालुक्याच्या टॉकीजचे मॅनेजर नाकं मुरडायचे. मी आधी मागं जायची, कडी लावून बघायची, नळ सोडून बघायची, दिवा लावून बघायची, आणि मगच प्रिंट उतरवू द्यायची. 'संडासवाली अक्का' आणि 'तिची संडासवाली पोरगी' अशी आमची नावं पडली. मला वाईट वाटायचं. अक्का म्हणायच्या, "म्हणू देत की. मुतारीवाले म्हणून त्यास्नी कोण म्हणालंय का?"

बायकांबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी निर्माता आला आणि तरुण प्रेक्षक, कॉलेजची पोरं वगैरे बोलू लागला की त्या बशीतला चहा संपवायच्या आणि सांगायच्या, "बाप्या एकटा येतोय. बाई आळी घिऊन येती." एकदा एक ऊसतोड ठेकेदार आपल्या पोराला हिरो करून चित्रपट काढायचा म्हणून आला. पोरगाही आला होता, गॉगल लावून. अक्कांनी त्याला नाही विचारलं, बापालाच विचारलं, "तुजी आय बघंल का ह्यो पिक्चर?" तो म्हणाला, बघेल की. "आन लघवी लागली तर कुठं जाईल?" ठेकेदार चिडून उठला. अक्का त्याच्या पाठीवर म्हणाल्या, "आयचं ठावं न्हाय आन पोराला नाचवायला निघालाय."

पण अक्का खऱ्या पेटलेल्या मी बघितल्या त्या एका पुण्याच्या दिग्दर्शकावर. त्याचा चित्रपट चांगला होता, मी आजही म्हणेन. हरवलेल्या मुलीला शोधणारी एक आई, तिच्या तोंडी एक सुंदर गाणं, आणि शेवटी नदीकाठी दोघींची भेट. कोल्हापुरात, जिथं कडी होती तिथं, तो नीट चालला. पण तालुक्याच्या काही टॉकीजना तो निर्मात्यानं अक्कांना न विचारता परस्पर दिला, आणि तिथून फोन येऊ लागले की मध्यंतरानंतर बायका उठून जातात, दुसरा भाग पडतोय. दिग्दर्शक गाडी करून आला. अक्कांच्या ऑफिसात बसून त्यानं आम्हाला समजावलं, की उत्तरार्धात गती मंदावते आणि स्त्री-प्रेक्षकाची भावनिक गुंतवणूक तुटते. अक्का बशीत चहा ओतत नुसत्या ऐकत होत्या, हेच मला विचित्र वाटत होतं. त्यानं त्या टॉकीजच्या प्रिंटांमधून आईचं गाणं कापलं. नदीकाठची भेटही कापली, नुसती आई चालत जाते एवढ्यावर चित्रपट संपवला. कापलेले तुकडे मशीनच्या खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात गेले. बायका तरीही उठून जात राहिल्या.

मग अक्कांनी त्याला तीनच्या खेळाला अशाच एका टॉकीजवर नेलं. आत बसू दिलं नाही. फाटकाशी उभं केलं. मध्यंतर झालं आणि बायका बाहेर पडू लागल्या, पदर सावरत, घाईघाईनं, पलीकडच्या उसाच्या रानाकडे. रस्त्यापलीकडच्या पानपट्टीवरची पोरं शिट्ट्या मारायला सरसावून बसलेलीच होती. दिग्दर्शकानं एकीला थांबवून विचारलं, "बाई, चित्रपट आवडला नाही का?"

"आवडला की वो," ती म्हणाली. "पन आता रानात जायाचं, समद्या जणी मिळून जायाचं, आन येस्तोवर पुढचं सरतंय. मग तसंच घरला जातो आमी." ती दोन पावलं गेली आणि परत आली. "दादा, तुमाला ठावं हाय का? शेवटाला ती पोरगी गावती का वो आयला?"

दिग्दर्शक आपल्या गाडीकडे बघू लागला. त्यानंच ती भेट कापून टाकली होती.

अक्का फुटल्या त्या तिथं. "ऐकलंसा? तुमच्या पिक्चरला न्हाय कंटाळल्या त्या! लघवीला लागलती त्यास्नी! आन तुमी गाणं कापलंसा! लेकीला आयपास्नं तोडलंसा! एक कडी लावायची सोडून!" दिग्दर्शक गाडीत जाऊन बसला. पुढे तो मुलाखतींतून सांगत राहिला की ग्रामीण प्रेक्षकांची अभिरुची घसरली आहे. हे वाक्य पेपरात वाचून मी तो पेपर फाडला होता. अभिरुची कुणाची घसरली होती ते मी फाटकाशी उभी राहून बघितलं होतं.

दोन हजार साल उलटलं तशी जुनी टॉकीजं एकामागून एक बंद पडू लागली. कुणी गोदाम केलं, कुणी लग्नाचा हॉल. अक्कांना साखर झाली होती, गुडघे गेले होते. तरी त्यांनी एक शेवटचा चित्रपट घेतला, फक्त हक्क नव्हे, सुरुवातीपासून स्वतःचा पैसा घालून. तीन जावांची गोष्ट होती. त्यांची एकच इच्छा होती, की आपला चित्रपट आपल्या बायकांनी तीनच्या खेळाला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पोटभर पाणी पिऊन बघावा. शहरात नवीन मल्टिप्लेक्स निघालं होतं. आम्ही दोघी तिथं गेलो. सवयीप्रमाणे अक्का आधी बायकांच्या बाथरूममध्ये शिरल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. डोळे ओले होते. "शालन," त्या म्हणाल्या, "हात म्होरं केला की पानी आपसूक येतंय गं. आन कडी कशी, लोण्यावानी सरकती. तुझ्या हौसाला दावायला पायजे."

मॅनेजर तरुण होता, आर्जवी होता. त्यानं आम्हाला कॉफी दिली आणि सकाळी साडेनऊचा खेळ दिला.

"तीनचा पायजे," अक्का म्हणाल्या.

"मॅडम, दुपारचे स्लॉट मराठीला नाही देता येत. ऑडियन्सच नसतो."

"आरं, सकाळी साडेनऊला माझी बाई काय करत असती ठावं हाय का तुला? धार काढून, डेअरीला दूध घालून भाकऱ्या थापत असती. तवा कोण मरायला येतंय पिक्चरला?"

"तेच ना मॅडम. ऑडियन्स नाही."

मी त्या मुलाच्या तोंडाकडे बघत राहिले. तो उद्धट नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. बापूसाहेबांना निदान शिव्या तरी देता यायच्या.

तरीही अक्कांनी हट्ट सोडला नाही. हौसाबाईंना निरोप गेला. वडगावच्या बायका पहाटेच भाकऱ्या उरकून टेम्पोनं साडेनऊला हजर झाल्या, सोबत आणखी दोन आळ्या घेऊन. दारात रखवालदारानं त्यांची भाकरी-चटणीची गाठोडी काढून घेतली आणि एका टेबलाखाली ढकलली. बायका तशाच आत गेल्या, खेळ भरला. त्या हसल्या, रडल्या, पडद्यावरच्या थोरल्या जावेला मोठ्यानं बोल लावले. मध्यंतराला सगळ्या त्या आरशांच्या खोलीत जाऊन तोंडं धुऊन आल्या आणि सगळ्या पुन्हा जागेवर बसल्या. एकही बाई उठून गेली नाही. अक्का शेवटच्या रांगेत माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी खेळ नव्हता. मोठा हिंदी चित्रपट लागणार होता, पडदे कमी पडत होते. "पण काल तर भरला होता!" मी ओरडले. मॅनेजर म्हणाला, "शेड्यूल आमच्याकडे नसतं मॅडम, वरून येतं." अक्कांनी तोंड उघडलं, पण ओरडायचं कुणावर? जिन्यात बसून त्या एवढंच म्हणाल्या, "पिक्चर हुता तवा कडी न्हवती. आता कडी हाय, तर पिक्चर न्हाय."

त्यानंतर त्या खचल्याच. मूत्रपिंडं निकामी होत होती. साखर तर होतीच, पण डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं वारंवार इन्फेक्शन होऊन गेलेली दिसतात. त्यांनी अक्कांना विचारलं, "लघवी तुंबवून ठेवायची सवय होती का?"

"सवय न्हवं, डॉक्टर," अक्का म्हणाल्या. "धंदा."

नवऱ्याबरोबर तरुणपणी टॉकीजमागून टॉकीज हिंडताना, आणि नंतर एकटीनं पेट्या घेऊन फिरताना, त्या स्वतः काय करत होत्या, हे इतकी वर्षं मी त्यांना कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहून रडले, आणि रडता रडता शिव्या देत होते. कुणाला ते मलाही सांगता येणार नाही. बहुतेक सगळ्यांनाच.

अक्का गेल्या. शोकसभा बापूसाहेबांच्या टॉकीजमध्ये ठेवली होती. ते एव्हाना चित्रपट व्यावसायिकांचे पुढारी झाले होते. टेबलावर अक्कांचा मोठा फोटो, त्याला हार. भाषणं झाली. कुणी त्यांना मराठी चित्रपटाची माउली म्हणालं, कुणी रणरागिणी. संडास हा शब्द एकाच्याही तोंडून बाहेर पडला नाही. एकानं 'प्रेक्षकांच्या विविध सोयींबाबत त्या आग्रही होत्या' असं म्हणून पुढची ओळ घेतली. बाईनं अख्खा जन्म ज्या शब्दासाठी घसा फोडला, तो शब्द त्यांना मेल्यावरही उच्चारता येईना.

माझ्या शेजारी हौसाबाई बसल्या होत्या. आता फार म्हाताऱ्या झालेल्या, सकाळी वडगावहून एसटीनं आलेल्या. त्या चुळबुळ करू लागल्या आणि माझ्या कानाशी वाकल्या. मी त्यांना धरून मागच्या बाजूला नेलं. संगमरवरी पाटी जागेवर होती. दाराला बाहेरून कुलूप. फटीतून थंड पेयांचे क्रेट दिसत होते.

"चावी सायबांकडं हाय," रखवालदार म्हणाला.

साहेब स्टेजवर बोलत होते. मी सरळ वर गेले आणि हात पुढे केला. "बापूसाहेब, मागची चावी द्या."

"सभा झाल्यावर," ते माइकवर हात ठेवून कुजबुजले. "जरा मान राख की अक्कांचा."

मी अक्कांचा फोटो टेबलावरून उचलला, हारासकट. सगळं टॉकीज बघत होतं. "पेटी फिरवलीया माघारी," मी म्हणाले, आणि माझा आवाज समोरच्या सोड्याच्या गाडीपर्यंत गेला असणार. "आधी कडी दाखव, बापू." मी खाली उतरले, हौसाबाईंचा हात धरला आणि बाहेर पडले. मागून खुर्च्यांचा आवाज आला. बायका उठत होत्या.

हौसाबाईंना मी रिक्षानं माझ्या घरी नेलं.

फोटो अजून माझ्याकडेच आहे. बापूसाहेबांचा माणूस अधूनमधून तो न्यायला येतो, सभा अर्धवट राहिली ते बरं दिसत नाही म्हणतो. मी त्याला चहा देते आणि विचारते, चावी आणलीस का? तो नाही म्हणतो, चहा पितो आणि तसाच परत जातो.